तासभर हात लावायचा नाही

४ मार्च, मंगळवार

गोळी, पट्टी की जेल — निवडा म्हणाल्या.

आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरीणबाई तिशीच्या असतील. पाळी जाऊन दोन वर्षं, घाम, झोपेचं खोबरं, सांधे — सगळं भराभर टिपून घेतलं. मग विचारलं, "आणि मन?" म्हटलं, मन बरं आहे. मग म्हटलं, आहे की नाही तेच कळत नाही. दुखत नाही. आनंदही नाही. गेल्या वर्षी आई गेली, रडले नाही. जानेवारीत बर्फावर घसरून मनगट मोडलं, तेव्हा नुसतं वाटलं, हं, मोडलं.

आईच्या पायात रक्ताची गाठ झाली होती. म्हणून हार्मोनची गोळी नको, कातडीतून जाणारं औषध बरं. पट्टी किंवा जेल. शिवाय गर्भाशय जागेवर आहे, तेव्हा झोपताना एक वेगळी कॅप्सूल. ती चुकवायची नाही.

पट्टी घेतली. आठवड्यातून दोनदाच बदलायची असते. कारण तेवढंच.

घरी आले तर नवरा, पेन्टी, कॉफी ओतत होता. "काय म्हणाली?" सांगितलं. म्हणाला, "बरं झालं. आता होशील पूर्वीसारखी." पूर्वी मी कशी होते ते विचारायचं राहिलं.

५ मार्च

दलालाचा कागद टेबलावर आहे. पेन्टीची सही झालीय, माझी व्हायचीय. जूनमध्ये तो नगरपालिकेतून निवृत्त होतोय — एकतीस वर्षं बर्फ ढकलायची गाडी चालवली. आता हा फ्लॅट विकायचा आणि तळ्यावरच्या लाकडी घरात बाराही महिने राहायचं. आम्ही दोघंच. दुकान एकोणीस किलोमीटरवर.

मी म्हटलं, मला आत्ता हो पण वाटत नाही आणि नाही पण वाटत नाही. औषध लागू पडू दे, मग सांगते. तो म्हणाला, "जुहान्नुसच्या सणाला, ऐन उन्हाळ्यात, शेकोट्या पेटायच्या आत सांग म्हणजे झालं. एवढी वर्षं थांबलो, तीन महिन्यांनी काय होतंय." चिडला नाही. तो चिडतच नाही.

इथे खरं लिहिते, इथे कोण वाचतंय. मला एवढंच कळायला हवंय — मी सगळ्याच बाबतीत बधीर झालेय, की पेन्टीपुरती? पट्टीनं कळेल. मग सही करायची की नाही तेही कळेल.

१३ मार्च, गुरुवार

इमारतीच्या सौनात, वाफेच्या खोलीत, बायकांची वेळ. मी आणि तिसऱ्या मजल्यावरची आउने, दोघीच. ती एकोणऐंशीची. वरच्या फळीवर बसल्या बसल्या माझ्या कुल्ल्याकडे बघून म्हणाली, "हे काय, भोक पडलं होतं का?"

सांगितलं. म्हणाली, "आमच्या वेळी घाम फुटला की सासू म्हणायची, झालीस म्हातारी, ही घे बादली."

"तुला कधी आराम पडला मग?"

"नवरा गेल्यावर."

आणि तापलेल्या दगडांवर पाणी मारलं. वाफेत तिचं तोंड दिसलं नाही, त्यामुळे थट्टा होती की काय कळलं नाही. मला हसू आलं नाही.

१४ मार्च

घाम चार वेळा. परवा सहा वेळा होता.

२४ मार्च, सोमवार

पट्टी हरवली!

शनिवारी तळ्यावर गेलो होतो. तिथल्या सौनात रक्त खेळावं म्हणून पेन्टीनं नेहमीप्रमाणे माझ्या पाठीवर बर्चच्या डहाळ्यांची जुडी मारली — गेल्या उन्हाळ्यात बांधून फ्रीझरमध्ये ठेवलेली. मग मी त्याच्या पाठीवर. आज संध्याकाळी कपडे बदलताना बघते तर कुल्ल्यावर नुसता चिकट चौकोन. सगळं शोधलं — अंथरूण, टॉवेल, वॉशिंग मशीनची जाळी. मग पेन्टी मोजे काढायला वाकला. त्याच्या मांडीच्या मागे, गुडघ्याच्या वर, माझी पट्टी. जुडीला चिकटली असणार आणि तिथून त्याला. दोन दिवस लावून हिंडत होता. सकाळी बर्फसुद्धा ढकलून आला.

तो गंभीरपणे म्हणाला, "तरीच काल टीव्हीवरच्या त्या म्हाताऱ्या घोड्याचं बघून मला भरून आलं."

हसले. पोट धरून हसले, कित्येक महिन्यांनी. तोही हसला आणि माझ्याकडे बघत राहिला. तेव्हा मी थांबले. का थांबले, माहीत नाही.

२६ मार्च

आरोग्य केंद्रात फोन केला. नर्स म्हणाली, सौनावाल्यांच्या पट्ट्यांचं हे असंच, पुष्कळ जणी सांगतात. निवड बदलली. आता जेल. रोज सकाळी मांडीला चोळायचं, वाळू द्यायचं, आणि तासभर तिथे दुसऱ्याची कातडी लागू द्यायची नाही. "विशेषतः नवऱ्याची," म्हणाली, "त्याचा कोटा झालाय."

२८ मार्च

जेल थंड. दारूचा वास येतो. पेन्टी म्हणतो, सकाळी सात वाजता हा वास त्यांच्या घरात शेवटचा त्याचे वडील असताना होता.

त्यानं सोबतचा कागद चष्मा लावून अख्खा वाचला. आता तो पलंगाच्या पलीकडच्या टोकाला कॉफी घेऊन बसतो आणि घड्याळ बघतो. तास झाला की येऊन खांद्यावर हात ठेवतो. "झाला तास." जेल मांडीला आहे. पण तो खांद्यालाही हात लावत नाही, उगाच धोका नको म्हणून.

९ एप्रिल

सलग सात तास झोपले. उठून प्रथम वाटलं, कुणी तरी मेलं की काय.

१७ एप्रिल, गुरुवार

कामावर, शाळेच्या स्वयंपाकघरात, गुरुवार म्हणजे वाटाण्याचं सूप. दोनशे चाळीस ताटल्या. पहिलीतली एक मुलगी खिडकीपाशी आली, मूठ उघडली. आत दात. "सूपमध्ये पडला. तुला हवाय का?" म्हटलं, मला कशाला, घरी ने, आईला दे.

एवढंच. पण मग आईनं माझे दात काडेपेटीत ठेवले होते ते आठवलं. तिचं घर आवरताना ती पेटी मी न उघडताच टाकली. शीतकपाटाच्या खोलीत जाऊन बटाट्यांच्या पोत्यावर बसले आणि रडले. नाक गळेपर्यंत रडले. आई गेल्याला तेरा महिने झाले आणि ती आज गेली.

घरी येऊन पेन्टीला सांगितलं. त्यानं बूट घातले आणि केक घेऊन आला. भावाला फोनवर सांगत होता, "मेर्वी रडली!" मी रडले म्हणून घरात केक. चांगला होता. दोन तुकडे खाल्ले.

२ मे

घाम नाही. बर्फ वितळून मोकळ्या झालेल्या तळ्यावर काल बदकं आली, तर उगाच छान वाटलं. मुख्य आचाऱ्यावर जोरात ओरडले, तेही छान वाटलं.

३ मे

आज पेन्टी म्हणाला, झाला तास. मी म्हटलं, दोन तास लागतात. कागदावर एकच तास आहे, त्यानं स्वतः वाचलाय. तो "बरं" म्हणाला आणि बाहेरच्या खोलीत गेला.

मी खोटं का बोलले? तोंडातून गेलं.

१५ मे

आता सांगितलंय की डॉक्टरीणबाईंनी मात्रा वाटून दिली — निम्मी सकाळी, निम्मी संध्याकाळी. त्यांनी काही सांगितलेलं नाही. म्हणजे सकाळचे दोन तास आणि जेवणानंतर झोपेपर्यंत.

तो आज संध्याकाळी टीव्हीपुढे माझ्या शेजारी बसायला आला तेव्हा त्यानं पूर्ण बाह्यांचा शर्ट घातला होता, खाली लोकरीची लांब चड्डी. मे महिन्यात. म्हणाला, "असं चालेल ना? कातडी नाही लागत."

मला वाईट वाटलं. इतकं वाईट वाटलं की उठून भांडी घासायला गेले. म्हणजे वाईट वाटतं मला. नीट वाटतं.

२० मे

कागद तिथेच. त्यावर कॉफीचा कप मी ठेवला. पेन्टीनं उचलून पुसला.

२९ मे, गुरुवार

सौना. आउनेनं विचारलं, "मग? काय परत आलं?"

म्हटलं, झोप आली, हसू आलं, रडू आलं, भूक आली. जीभही परत आली, स्वयंपाकघरात सगळे टरकून आहेत.

"मग तोंड असं का एरंडेल प्यायल्यासारखं?"

म्हटलं, मात्रा थोडी कमी पडत असेल.

"कशाला कमी पडतेय?"

मी दगडांवर पाणी ओतलं. जरा जास्तच ओतलं. दोघींना खाली उतरावं लागलं.

६ जून

पेन्टीचा कामाचा शेवटचा दिवस. गॅरेजवाल्यांनी त्याला लहान मुलाचं बर्फाचं फावडं भेट दिलं. ते तळ्यावर दाराशी टांगणार म्हणतो. घरी आल्यावर म्हणाला, "जुहान्नुसला दोन आठवडे राहिले, मेर्वी."

मी म्हटलं, गुरुवारी तपासणी आहे. मात्रा वाढवून मागते. एकदा तेवढं होऊ दे.

त्याचा चेहरा उजळला. "हो, माग. कमीच पडत असणार. मलाही वाटतंच." त्याला हे किती दिवस वाटतंय, विचारलं नाही.

१२ जून, गुरुवार

डॉक्टरीणबाईंनी एकेक विचारलं, मी एकेकाला हो म्हटलं. म्हणाल्या, मात्रा अगदी पुरेशी आहे, याहून जास्त काही करायचं राहिलेलं नाही.

पेन्टी खाली गाडीत थांबला होता. "वाढवली?"

"नाही. पुरेशी आहे म्हणाल्या."

"कागदावर एकच तास होता, मेर्वी," तो म्हणाला आणि मग गाडी सुरू केली.