उलटलेल्या दगडांबाबत दुरुस्ती

केशोरी,
सोमवार, ता. २७ सप्टेंबर १९५४

सौ. प्रेमिलाताई यांना कुंदाचा नमस्कार. बाळाला दात आले का, आणि भाऊजींची गोंदियातच राहण्याची खटपट कुठवर आली, ते कळवावे. येथील सर्व खुशाल, असे लिहायची रीत आहे; पण सर्व म्हणजे कोण कोण हे मोजायला बसले तर ते वाक्य खरे राहत नाही, म्हणून लिहिले नाही. मी ठीक आहे. आईचा खोकला ठीक आहे, म्हणजे आहे तसाच आहे.

आधी एक दुरुस्ती. मागच्या पत्रात मी लिहिले होते की आमच्या तलावाची पाळ यादोरावांच्या हिश्श्यात गळते. ते वाक्य चूक आहे. ते पत्र जपून ठेवले असल्यास त्यातले ते वाक्य खोडावे आणि शेजारी आजची तारीख घालावी. पत्र चुलीत गेले असल्यास निदान मनात खोडावे.

ही चूक मला कशी कळली ते सविस्तर लिहिते, कारण तिला तुमची इंग्रजी डिक्शनरी थोडी कारण आहे (दोष डिक्शनरीचा नाही). आमचा तलाव पूर्वजांनी बांधला. पाळीला आतून जे दगड लावले आहेत ते घराघराने वाटून घेतलेले असतात. ज्याचा हिस्सा त्यानेच दुरुस्त करायचा. दुसऱ्याच्या हिश्श्यातल्या दगडाला हात लावणे म्हणजे दुसऱ्याच्या चुलीवरचे भांडे उतरवणे. आणि ज्याचा हिस्सा गळेल त्याच्या शेताला पाणी सर्वांत शेवटी. यंदा यादोरावांच्या हिश्श्यात पाळीच्या बाहेरच्या अंगाला ओल दिसली, म्हणून त्यांची पाण्याची पाळी शेवटी गेली. शिवाय दुरुस्तीला मदत मिळावी म्हणून गोंदियाच्या पाटबंधाऱ्याच्या साहेबांकडे अर्ज करायचे ठरले, आणि घराण्यात पहिली शिकलेली म्हणून तो इंग्रजीत मी लिहिला. "गळती यादोराव यांच्या हिश्श्यात" हे शब्द माझ्या अक्षरात आहेत. अक्षर चांगले आले होते.

पंधरा दिवसांनी उत्तर आले. चावडीपुढे बैठक भरली आणि मी वाचू लागले. पहिल्याच ओळीत अर्ज "अकराव्या तासाला" (म्हणजे ऐन शेवटच्या घटकेला) मिळाल्याचे लिहिले होते. तो गोंदियाला नेऊन देणारे माझे खुशालकाका लगेच उठले आणि म्हणाले की अकरा वाजता ते स्टेशनवर चहा पीत होते, अर्ज दुपारी दोनला दिला, साहेबांचे घड्याळ तपासावे. त्यांना खाली बसवले तर पुढचे वाक्य आले. त्याचा शब्दाला शब्द अर्थ असा की, या गळतीच्या शोधात आम्ही एकही दगड उलटल्याशिवाय सोडणार नाही.

ताई, वसतिगृहात तुम्ही माझ्याकडून पाठ करून घेतलेल्या दोनशे इंग्रजी वाक्प्रचारांत हा नव्हता. (एकशे अठ्ठ्याण्णव. दोन मी तापात पडले होते तेव्हा झाले; हा त्यांतलाच असावा.) मी बैठकीला स्वच्छ सांगितले की शब्दांचा अर्थ असा आहे, पण ही बोलण्याची पद्धत असावी, खात्री करून उद्या सांगते. यातला "पण"च्या आधीचा भाग सर्वांनी ऐकला. पुढचा बहुधा मी एकटीनेच. त्याच्या आज्याने लावले होते काय हे दगड, असे कोणी तरी ओरडले. मी म्हटले, आपणही घर डोक्यावर घेतले म्हणतो, पण कोणी खरेच घेत नाही. तेव्हा केवळराम आजोबा, ज्यांच्या हाती पाण्याच्या पाळ्या असतात, शांतपणे म्हणाले, "सरकारनं मागं कागदावर लिवलं का तलाव आता आमचा. तवाही ते बोलाची पद्धतच होती का वो, मास्तरीनबाई?"

याला उत्तर डिक्शनरीत नव्हते. तरी घरी येऊन मी पाहिले. दगड या शब्दाखाली फळाची कोय निघाली, पोटातला खडा निघाला, आणि विलायतेतले लोक स्वतःचे वजन दगडांत मोजतात असेही निघाले. साहेब आमच्यापैकी कोणाला उलटे करून तोलणार आहेत असे वाटेना. खरा अर्थ (काहीही करायचे बाकी ठेवणार नाही) मला चौथ्या दिवशी उलटणे या शब्दाखाली, अगदी बारीक टाइपात सापडला. तोवर गावाने मार्ग काढला होता. साहेबांचा हात लागण्याआधी ज्याने त्याने आपले दगड उलटावे, खाली पाहावे आणि परत जागेवर ठेवावे. म्हणजे साहेब आले तर सांगता येईल की उलटून झाले, चहा घ्या.

आमच्या हिश्श्यावर बाबा, आई आणि मी होतो. पाण्यालगतच्या चौथ्या ओळीतला दगड काढला तर खाली बीळ. मी हात घातला तो खांद्यापर्यंत गेला. मी भाताचा कोंडा आणून बिळात सोडला आणि पाळीवरून पलीकडे उतरून वाट पाहत बसले. कोंडा यादोरावांच्या ओलीतून बाहेर आला. एकदा पाहून खात्री धरू नये म्हणून तीनदा सोडला. तीनदा आला. पाणी आमच्या हिश्श्यात शिरते, आत तिरपे जाते आणि त्यांच्या हिश्श्यात बाहेर पडते.

बाबांनी बिळात चिखल कोंबला, दगड बसवला आणि म्हणाले, "दगड उलटला, जागेवर ठेवला. कागदात येवढंच लिवलं होतं."

माझे बाबा, देवचंद, खोटे बोलणारे नव्हेत, हे तुम्ही जाणता. पण आमचे धानही पोटरीत आले आहे, लोंबी आता बाहेर पडेल. आमची पाळी शेवटी गेली तर पाणी नवव्या दिवशी मिळेल आणि दाणा भरायच्या वेळी जमिनीला भेगा पडतील. आज त्या भेगा यादोरावांच्या वाट्याला आहेत. मी साहेबांच्या त्या वाक्याचा खरा अर्थ सांगितला तेव्हा बाबा म्हणाले, साहेब येत नाही ना, मग झाले. सगळ्या गावाला हायसे वाटले. एकटे केवळराम आजोबा थोडे नाराज झाले. साहेबांना ऐकवायचे चार शब्द त्यांनी तयार ठेवले होते.

शनिवारी यादोराव आमच्या घरी आले. मी घाबरून त्यांना दोनदा पाणी दिले. त्यांना नवा अर्ज हवा होता. ते म्हणाले, "बाई, तू इंग्रजीत लिव. माझा हिस्सा फुटका आहे तं फुटका लिव, मी नाई म्हणत नाई. पण साहेबाले विचार, धानानं काय केलं?" बाबा ओट्यावर बसून दोरी वळत होते, त्यांचे हात थांबले. मी यादोरावांना सांगितले की शाई संपली आहे. शाई संपली नव्हती. आजचे हे पत्र त्याच शाईने लिहीत आहे, हे तुमच्या ध्यानात आले असेलच.

थोरांना नमस्कार, बाळाला गोड पापा.
आपली,
कुंदा

ता. क. डिक्शनरी सोबत परत पाठवत नाही. तिच्या एका पानावर पाळीचा चिखल लागला आहे. तो वाळला की झटकून पाठवीन.

ता. क. दुसरे. पत्र लिहिण्याचे खरे कारण हे. बैठकीत मुलीने आपणहून बोलायची आमच्याकडे चाल नाही. मात्र पोस्टाने आलेला कागद असेल तर शेवटपर्यंत ऐकतात, मध्ये कोणी तोंड घालत नाही (काका सोडून). म्हणून बिळाची सर्व हकीकत इंग्रजीत लिहून सोबत जोडली आहे. ती मोठ्या, सरकारी दिसणाऱ्या पाकिटात घालून, वर माझे नाव टाइप करून, भाऊजींच्या हस्ते लगेच पोस्टात टाकावी. त्यात मी एकही वाक्प्रचार वापरलेला नाही.

ता. क. तिसरे. वरचे दुसरे रद्द समजावे. मजकूर खरा असला तरी पाकीट खोटे होईल, आणि बाबांना ही गोष्ट परक्या भाषेत, चारचौघांत प्रथम कळावी हे बरे नाही. जोडलेला कागद काढून घेतला आहे. पाकिटात तो सापडला नाही म्हणून शोधू नये. बाबांना आज संध्याकाळी जेवणाआधी सांगणार आहे. ते नाही म्हणतील. पाण्याच्या पाळ्या चार तारखेपासून सुरू होतात आणि त्या आदल्या दिवशी बैठकीत वाचून दाखवतात. ती यादी यंदा मलाच वाचायला दिली आहे. यादोरावांचे नाव शेवटी आहे तिथे पोचण्याआधी मी थांबणार आणि त्या शेवटच्या जागी आमचे नाव वाचणार: रविवारी, ता. ३ ऑक्टोबरला, सकाळी.