बांध सरकतोय

३ नोव्हेंबर, सोमवार

बांध सरकलाय! काल पेरूच्या झाडापलीकडं होता, आज हातभर माझ्या रानात. पलीकडं घर कुणाचं? राहीअक्कांचं. माझ्या थोरल्या जाऊबाई! दुसरं कोण कोरणार?

दिवाळी झाली, माझा पोरगा विश्वजीत बायकापोरं घेऊन पोस्टिंगवर गेला. वस्तीवर मी एकटी. अंगणवाडीत होते तेव्हा पोरांच्या कलकलाटानं डोकं उठायचं. रिटायर झाले — आता पाल चुकचुकली तरी सोबत वाटते.

६ नोव्हेंबर

भाजीवाला आला. "काय देऊ मावशी?" म्हणाला. तोंड उघडलं तर आवाजच फुटेना! किती दिवसांत कुणाशी बोललेच नव्हते. तो नुसता बघत राहिला. मेथीची जुडी उचलली आणि दार लावून घेतलं. मागनं हसला असणार. हसलाच!

७ नोव्हेंबर

मी अंगणात आले की अक्का दार लावून घेतात. चोराच्या मनात चांदणं!

आमचं बोलणं कधी बंद झालं, कशावरनं झालं, काही केल्या आठवत नाही.

१० नोव्हेंबर

विश्वजीतचा फोन. बांधाचं सांगितलं, तर म्हणतो, "आई, दिवसभर कुणाशी बोलतीस का न्हाई?" मी सांगते काय, हा विचारतो काय! वर म्हणे, "एकटं राहून राहून असं हुतं. दवाखान्यात दाखवूया." म्हणजे आईला वेड लागलं! फोन ठेवला आणि लय रडले. खरंच लागलं असेल तर?

११ नोव्हेंबर

रहिमतपूरला दवाखान्यात गेलेच नाही. बांधाच्या कडेला खुंटी ठोकली, लाल चिंधी बांधली. आता बघतेच, कोण खरं नि कोण खोटं.

१२ नोव्हेंबर

सकाळी बघते तर खुंट्या दोन! माझ्या खुंटीला खेटून दुसरी, हिरव्या चिंधीची. तशीच तणतणत गेले. दार वाजवलं. अक्का बाहेर आल्या — केस विस्कटलेले, डोळे खोल गेलेले. मी काही बोलायच्या आत त्याच ओरडल्या, "तू रोज बांध कोरतीयास, मला दिसत न्हाई व्हय? म्हनून म्या खुंटी ठोकली!"

मी! बांध कोरते! म्हटलं, चला, हद्दीचा दगडच बघू!

त्यांची पोरं पिंपरीला, घरात त्याही एकट्याच. दोघींनी मिळून गवत उपसलं. सासऱ्यांनी वाटणीच्या वेळी पुरलेला दगड जागच्या जागी! वर मातीचा जुना थर, तसूभर हललेला नाही. खाली बसले आणि हसायलाच लागले. अक्का आधी रागावल्या, मग पदर तोंडाला लावून त्याही.

"मला वाटायचं, तू मला बघून हसतीयास," म्हणाल्या.

हुश्श! डोकं ठिकाणावर आहे म्हणायचं. एकटीचं गेलं असतं तर वेडी ठरले असते, पण दोघींचं एकदम कसं जाईल? चहा त्यांच्याकडंच झाला. किती बोललो! विषय संपेनातच.

१३ नोव्हेंबर

गाढ झोप लागली. विश्वजीतला सांगितलं, बांध जागेवर आहे. "आणि तू?" म्हणाला. चहाट‍ळ मेला!

१७ नोव्हेंबर

अक्का म्हणाल्या, "दोन घरं कशाला झाडायची गं? एकाला कुलूप लाव." कुणाच्या घराला, त्यावरनं सकाळपासनं भांडण जुंपलंय. त्या म्हणतात तू ये, मी म्हणते तुम्ही या. यात मी वीतभर मागं सरायची नाही!