दालचिनीच्या दोन पुड्या

स्वेनबोर्ग, ५ मे

ती. बिरितामावशीस,
सा. न. वि. वि.

तुझं वाऱ्यावर वाळवलेलं मटण पोचलं. वसतिगृहातल्या मुलींनी खिडक्या उघडून काही मेलंय का विचारलं. मी म्हटलं, हो, मेंढी. तेव्हापासून स्वयंपाकघर माझ्या एकटीचं.

काय माणसं आहेत गं! दोन वर्षं नौकाशाळेत शेजारी बसून सिग्नेला अजून वाटतं, आपल्या फेरो बेटांवर वीज नाही. काल वर्गातल्या अस्गरला पंचवीस पूर्ण झाली. लग्न झालं नाही म्हणून या डेन्मार्कवाल्यांनी इथल्या रीतीप्रमाणे त्याला दिव्याच्या खांबाला बांधून दालचिनीच्या पुडीनं न्हाऊ घातलं. आणि तो गाढव खूश! सहा जूनला माझीही पंचविशी, नेमकी तोंडी परीक्षेच्या दिवशी. मला असल्या पोरखेळात काडीचा रस नाही. हानुसमामाच्या बोटीवर कप्तानाच्या हाताखालची जागा हवी, बाकी गेलं खड्ड्यात.

लोभ आहेच, मटणासारखाच टिकव.
तुझी सुन्नवा

क्लाक्सविक, १४ मे

चि. सुन्नवास अनेक आशीर्वाद.

दालचिनी खिरीवर घालतात, माणसांवर नाही. अक्कल गहाण टाकलीय त्यांनी! पण रस नाही म्हणतेस आणि निम्मं पत्र त्यावरच? मला बनवू नकोस.

तू तिकडचीच होऊन बसशील, असं हानुस गावभर सांगतोय. तू नापास झालीस तर जागा त्याच्या मेव्हण्याला. त्या ऐदोबानं टोपीसुद्धा धुऊन ठेवलीय. तेव्हा नाक वर, डोकं पुस्तकात.

तुझी मावशी

स्वेनबोर्ग, ७ जून

ती. मावशीस सा. न.

पास झाले! धुक्यात बोट बंदरात कशी आणशील, असं परीक्षकांनी विचारलं. मी म्हटलं, आमच्याकडे धुक्याशिवाय आणायची सवयच नाही. एकही हसला नाही. लाकडं मेली.

आता तुला म्हणून सांगते. काल मी मुद्दाम जुना स्वेटर घातला. पोहण्याचा चष्मा खिशात ठेवला. परीक्षा झाल्यावर त्या खांबापाशी उगाच बुटाची नाडी बांधत बसले. सगळ्यांचे वाढदिवस स्वयंपाकघरातल्या भिंतीवर लिहिलेत, माझाही. सिग्ने आली, हवा छान आहे म्हणाली आणि सायकलवरून निघून गेली.

खोलीत जाऊन रडले. असल्या माणसांसाठी रडले, याचाच संताप जास्त आला. अठराला बोटीत बसते.

सुन्नवा

क्लाक्सविक, ११ जून

चि. सुन्नवास आशीर्वाद.

निकाल ऐकून मेव्हण्याची टोपी परत कपाटात गेली. हानुस तर आता म्हणतो, मला आधीपासून खात्री होती. खोटारडा!

रडलीस ते बरं केलंस, बोटीवर वेळ मिळायचा नाही. त्या थंड माशांना मात्र मी कधी माफ करणार नाही.

आपल्या दुकानात दालचिनीच्या दोनच पुड्या होत्या, दोन्ही उचलल्या. एवढी खीर कोण खाणार, असं दुकानदारीण विचारत होती. तुझी बोट लागेल तेव्हा तोर्शाव्हनच्या धक्क्यावर मी उभी असेन. हानुसला दोरी आणायला सांगितलंय. तोच स्वेटर घाल आणि उतरताना तोंड मिटून ठेव, जमलं तर.

तुझी वाट पाहणारी,
मावशी

ता. क. चष्मा विसरू नकोस.