सरांचा नवा पोरगा

९ नोव्हेंबर, अमरावती
फायनलला समोर ओम्याच. म्हणजे ओंकार, सरांचा सख्खा पोरगा. मी चार वर्षांपासून यांच्याच घरी राहतो, ओम्याच्याच खोलीत झोपतो. अब्बांचं अकोल्यात गाद्या भरायचं दुकान. सरांनी टेनिससाठी इकडं आणलं नसतं तर मीही कापूसच पिंजत बसलो असतो. परवाची फायनल अकोल्यातच. जो जिंकेल त्याला नागपूरच्या प्रो स्पर्धेत थेट एंट्री.

संध्याकाळी सरांनी गाडीवर मागं बसवलं, बडनेरा रोडला चहा पाजला. इतकं गोड ते कधी बोलत नाहीत.
"फरहान, तुले अजून लई वर्षं आहेत. ओंकारचं हे शेवटचं. तीन सेट खेळव, मंग सोड. कोनाले समजलं नाई पाहिजे."
मी चहाचा कप खाली ठेवला.
"कोनाच्या घरचं खाऊन राहिला तू?" हेही गोडच.

१० नोव्हेंबर
ओम्याला सगळं सांगून टाकलं. वाटलं चिडेल. गच्चीवर कपडे वाळत घालत होता.
"हरू नको. मले मार. सहा-शून्य, सहा-शून्य. लोकायसमोर."
"काहून?"
"तसा हरलो तं सोडन तो मले. थोडक्यात हरलो तं म्हनन, अजून एक वर्ष पाहू, अन् मारत राहीन." शर्ट वर करून पाठ दाखवली. जुने वळ, नवे वळ. एका खोलीत राहून मी कधी पाहिली नव्हती. की पाहायचीच नव्हती.
आता कोणाचं ऐकू? बाप म्हणतो हर, पोरगा म्हणतो मार. मला काय पाहिजे ते कोणी...

११ नोव्हेंबर, अकोला
सहा-शून्य, सहा-एक.
ओम्या जीव तोडून पळत होता. खोटं नाही. जिंकायलाच खेळत होता! हे त्यानं सांगितलं नव्हतं. मी बॅकहँडवर टाकत राहिलो. तिथं तो कच्चा, मला माहीत, रोज मीच त्याच्यासमोर असतो. दुसऱ्या सेटमध्ये तो रडत होता. तरी टाकले. आणि खरं लिहायचं तर मजा आली.

मॅच संपली, सर कोर्टात आले. वाटलं आता आपल्या कानाखाली. त्यांनी ओम्याला हाणली. दोन. अंपायर खुर्चीवरून उतरता उतरता थांबला. मग सर माझ्याकडं वळले, खांद्यावर हात.
"उद्यापासून तू माहा पोरगा. याच्यामांगं उगाच इतके वर्षं घातले."
अब्बा धावत आले, सरांचे दोन्ही हात धरले. "तुमचाच हाय, सर. मारा, घडवा, जे करायचं ते करा."
ओम्या बाजूलाच रॅकेट बॅगेत भरत होता.

१६ नोव्हेंबर, अमरावती
ओम्याच्या तिन्ही रॅकेट माझ्या पलंगावर. सर म्हणाले, वापर. त्याला क्लासेसला घातलंय. घरात त्याच्याशी बोलत नाहीत.
जेवताना काकूंनी, ओम्याच्या आईनं, त्याला अंडं वाढलं. सरांनी उचललं, माझ्या ताटात टाकलं. "याले लागते. त्याले काय करायचं?" काकू खाली मान घालून पोळ्या लाटत राहिल्या. मी खाल्लं.
नंतर ओम्या म्हणाला, "मले वाटलं होतं, सोडल्यावर बरं वाटन."

२ डिसेंबर, नागपूरहून परत
पहिली प्रो मॅच. पहिल्याच फेरीत बाहेर. सहा-दोन, सहा-एक. समोरच्याची सर्व्हिस दिसायचीच नाही, नुसता आवाज.  येताना बस थांबली तेव्हा सर एकटेच उतरून नाश्ता करून आले.

३ डिसेंबर, अमरावती
सकाळपासून सर्व्हिस. टोपली रिकामी झाली की वेचा, पुन्हा मारा. तळहाताचं कातडं निघालं. एक बॉल नेटमध्ये गेला, सरांनी रॅकेटच्या दांड्यानं पाठीत... एकदाच. फार जोरात नाही.
फार जोरात नाही असं का लिहिलं मी?

अब्बांना फोन लावला. मी बोलायच्या आधीच, "तुहा कपवाला फोटो दुकानात लावला रे. गिऱ्हाईक इचारते." बरं म्हटलं. ठेवला.

ओम्या अभ्यासाला बसला होता. काय झालं विचारलंच नाही. कपाटातून मलमाची ट्यूब काढून दिली. "दोन दिवस पोटावर झोप."
"मी अकोल्याले चाल्लो," मी म्हणालो. "नाई खेळत."
"जा न मंग." पुस्तकात पाहत राहिला. मग म्हणाला, "पन तू गेला तं तो मले परत कोर्टावर नेईन."

खालून सर हाक मारून राहिले. दुपारची प्रॅक्टिस. नाव घेत नाहीत, नुसतं "चाल रे!" म्हणतात.
आम्ही दोघंही अजून उठलो नाही.