घेण्यास नकार

३ जून, मंगळवार

फॉर्म आणला. आणला म्हणजे पिशवीत आहे, अजून बाहेर काढलेला नाही. आज अकरा समन्स होती. चार घरं बंद, एका घरी कुत्रा, एका घरी कुत्र्यापेक्षा वाईट माणूस. पायांचे तुकडे पडलेत.

संध्याकाळचा वर्ग, नोकरी करणाऱ्यांसाठी. चार वर्षांत वकील. वयाची अट चाळीस. मला नोव्हेंबरात चाळीस पूर्ण होतात, म्हणजे यंदा नाही तर कधीच नाही. इतकी वर्षं काय झोपले होते का मी? झोपलेच होते बहुतेक. चालता चालता.

बाबांना सांगितलं. ते खुर्चीतूनच म्हणाले, "मग आत उभी राहून बोलशील?" शेजाऱ्यांना ते नेहमी सांगतात, मुलगी कोर्टात आहे. शेजारी विचारतात, आत उभी राहून बोलते का? बेलिफ आत उभी राहून बोलत नाही. बेलिफ कागद उचलते, जिना चढते, सही घेते, जिना उतरते. सतरा वर्षांत त्या खोलीत माझ्या तोंडून एक शब्द निघालेला नाही.

५ जून, गुरुवार

फॉर्म भरायला बसले. वीस रकाने. सोळावा — "अर्जदाराविरुद्ध खात्याची कोणतीही चौकशी चालू आहे का?" नाही, असं ठसठशीत लिहिलं. बरं वाटलं लिहून.

मग शेवटचं पान. "आपणास कायद्याचे शिक्षण का घ्यायचे आहे? तीनशे शब्दांत लिहा." तीन वेळा लिहिलं, तिन्ही वेळा अहवाल झाला. "मी दिलेल्या पत्त्यावर समक्ष गेले असता..." हात तसाच वळतो आता. फाडून टाकलं.

६ जून

खरं कारण हे. मी कागद देते, आणि माणूस तो हातात धरून माझ्याकडेच बघत राहतो. "ताई, काय लिहिलंय यात?" मला माहीत असतं. दहा वर्षांपूर्वीपासून माहीत आहे. पण सांगायचं नाही असा नियम. मी म्हणते, मला माहीत नाही, वकिलाला दाखवा. दिवसातून दहा वेळा म्हणते. कंटाळा आलाय स्वतःच्या तोंडून हे वाक्य ऐकायचा.

एवढंच लिहिलं. एकशेवीस शब्द झाले. होऊ देत.

९ जून, सोमवार

वर्तणुकीच्या दाखल्यावर नाझरसाहेबांची सही हवी. कोणता कागद कुणी कुठे न्यायचा ते हेच ठरवतात, आम्हा बेलिफांचे मायबाप. सही केली, पण आधी पंधरा मिनिटं प्रवचन. "बाई, या वयात परीक्षा? डोकं चालतं का तुमचं अजून?" चालतं म्हटलं, पायांपेक्षा बरं चालतं. हसले. "गुरुवारी पाचच्या आत जमा करा. विद्यापीठातला कारकून पाच वाजून एक मिनिटाने खिडकी लावतो."

१२ जून, गुरुवार

जमा केला! पाचला दहा कमी होते.

दिवस मात्र नुसता पळापळीत गेला. शेवटचं समन्स दूरच्या टोकाला, तिसरा मजला, लिफ्ट बंद. घरात शिवणकाम करणारी एक बाई आहे, नवरा वारलेला. दिराने दावा लावलाय की खोली रिकामी कर. दार सासूने उघडलं. म्हटलं, सुनेला बोलवा, सही हवी. म्हातारी आत गेली आणि लगेच परत आली. "ती घेणार नाही म्हणते." आत शिलाई मशीन चालू होतं, एकसारखं. माझ्या घड्याळात पावणेचार. तिला एकदा बाहेर बोलवा, हे म्हणायला तोंड उघडलंही होतं. पण खिडकी पाचला बंद.

जिन्यातच अहवाल लिहिला. "घेण्यास नकार." आणि पळाले.

१३ जून

काही नाही. झोपले.

२ जुलै, बुधवार

लंबू माझ्याबरोबरचा बेलिफ, बुटका आहे म्हणून लंबू. त्याच्या भाच्याने पण अर्ज केलाय. लंबू म्हणाला, "ताई, मुलाखतीची पत्रं आली की. भाच्याला शनिवारीच आलं, रजिस्टरने."

घरी आले. बाबांना विचारलं. तर म्हणाले, "हो, आला होता ना पोस्टमन. सही मागत होता. मी म्हटलं, आमच्याकडे घेत नाहीत, परत ने." किती अभिमानाने सांगितलं!

काय बोलणार? नियम माझाच. मागे एकाने समन्सचा राग धरून माझ्याविरुद्ध खोट्या तक्रारी रजिस्टरने घरी पाठवायचा सपाटा लावला होता, तेव्हापासून बाबांना बजावलंय — माझ्या नावाचं काही आलं तर सही करायची नाही. बाबा घड्याळं दुरुस्त करायचे, त्यात डोळे गेले. पाकिटावर काय छापलंय ते त्यांना दिसत नाही. असं पत्र येणार आहे हे मीच सांगायला विसरले. लोकांना कागद पोचवण्यात जन्म गेला आणि माझाच कागद दारातून परत.

बाबांना कळलं तेव्हा त्यांचा चेहरा एवढासा झाला. जेवलेही नाहीत नीट. मी ओरडले नाही. ओरडायलाही अंगात जोर लागतो.

३ जुलै, गुरुवार

अर्धी रजा टाकून विद्यापीठात. खिडकीतल्या कारकुनाने माझं पाकीट काढून दाखवलं. वर लाल शाईत, "घेण्यास नकार." माझेच शब्द, दुसऱ्याच्या अक्षरात.

"मॅडम, नकार म्हणजे पोचलं असंच धरतात. तुमची मुलाखत काल होती. तुम्ही आला नाहीत."

"नकार मी दिलाच नाही. वडिलांनी दिला."

"घरच्यांनीच दिला ना?"

"घरच्यांनी देऊन चालत नाही. ज्याच्या नावाचं आहे त्याने स्वतः नको म्हणावं लागतं. नाहीतर तो नकारच नव्हे."

"हे कुठे लिहिलंय?"

"लिहिलेलं सोडा. सतरा वर्षं मी हेच काम करते."

आवाज चढला असणार, कारण आतल्या खोलीतून विभागप्रमुख बाई बाहेर आल्या. सगळं पहिल्यापासून सांगितलं. त्यांनी पाकीट उलटसुलट केलं, माझ्याकडे बघितलं. "बरोबर आहे यांचं. बारा तारखेला, शनिवारी या." जीव भांड्यात पडला. बाहेर येऊन चहा घेतला, साखर जास्त घालून.

४ जुलै, शुक्रवार

काल इतक्या तोऱ्यात बोलले. आज सकाळपासून ते मशीन कानात वाजतंय.

म्हातारी आत गेली, विचारून बाहेर आली, आणि मशीन थांबलं नाही. एकदाही नाही. कुणी येऊन सांगितलं की दारात कोर्टाची बाई उभी आहे, तर हात थांबतोच ना? निदान क्षणभर? तिला कुणी विचारलंच नव्हतं. दिराची आई ती म्हातारी. ती कशाला विचारेल?

रजिस्टर काढून बघितलं. माझं अक्षर, माझी सही. पुढची तारीख दहा जुलै. बाई हजर नसेल तर त्या दिवशी एकतर्फी निकाल, म्हणजे तिचं न ऐकताच खोली जाणार.

७ जुलै, सोमवार

कागद नसताना पहिल्यांदाच कुणाच्या दारात गेले. शेजारणीकडून कळलं होतं, म्हातारी सोमवारी लेकाकडे असते. शिवणवालीने दार उघडलं. तोंडात टाचण्या, गळ्यात टेप. म्हटलं, तुम्ही समन्स घ्यायला नाही म्हणालात का, बारा जूनला? तिने टाचण्या काढून हातावर घेतल्या. "कुठलं समन्स?"

मग तेच. "काय लिहिलंय त्यात?"

मला माहीत नाही, हे वाक्य अगदी ओठावर आलं. आणि पहिल्यांदाच गिळलं. सांगितलं, दावा काय आहे, तारीख कधी आहे, वकील कुठे बसतात. ती उभीच होती. मग म्हणाली, "सासूबाई रोज माझ्या पंक्तीला बसून जेवतात हो." मला तिच्याकडे बघवेना.

८ जुलै, मंगळवार

नाझरसाहेबांना सांगितलं. दार लावून घेतलं त्यांनी.

"बाई, वेड लागलंय का? अहवाल चुकीचा होता असं स्वतःच्या हाताने लिहून देणार? चौकशी लागेल."

"माहीत आहे."

"शनिवारी मुलाखत आहे तुमची. होऊन जाऊ द्या. सोमवारी आणा, मी तुमच्यासाठी मागची तारीख... नाही, तसलं नको. पण सोमवारी आणा."

म्हटलं, निकाल गुरुवारी आहे.

"मग ती बाई करेल ना अपील. लोक करतात." हेही खरंय. लोक करतात. ज्यांना जमतं ते करतात.

वाईट माणूस नाहीत ते. माझ्या भल्याचंच बोलत होते. मला स्वतःचाच राग आला, कारण मला पटत होतं.

९ जुलै

अकरा वाजता लिहून दिलं. एक पान. "सदर बाईंना मी समक्ष भेटले नाही. नकार त्यांचा नव्हता. मला घाई होती." शेवटचं वाक्य नाझरसाहेब खोडा म्हणाले. नाही खोडलं.

चौकशीचा आदेश चार वाजता निघाला. आमच्या कोर्टात इतक्या लवकर काही होतं हे मला माहीत नव्हतं.

१२ जुलै, शनिवार

तिघं होते. विभागप्रमुख बाई मधे. प्रश्न सोपे होते, उत्तरं मला येत होती. एकदा तर दोघं हसलेही. पुढच्या चार वर्षांतल्या संध्याकाळी मला तिथे बसल्या बसल्या दिसायला लागल्या, वही, बाक, सगळं.

मग त्यांनी माझाच फॉर्म पुढे सरकवला. "यात काही बदल असेल तर करा आणि खाली पुन्हा सही करा." सगळ्यांनाच सांगतात तसं. कुणी माझ्याकडे बघतसुद्धा नव्हतं.

रकाना सोळा. "नाही" खोडलं. "आहे" लिहिलं.

बाईंनी वाचलं. "कशाबद्दल?" सांगितलं. त्या दिवशी मी एवढं जोरात भांडले होते तेच उलटं करून सांगितलं. बाजूचे गृहस्थ चष्मा पुसत म्हणाले, चौकशी चालू असताना प्रवेश देता येत नाही, नियम आहे. बाईंनी विचारलं, "पुढच्या वर्षी?" म्हटलं, वयात बसत नाही. मीच थॅंक यू म्हणून उठले.

घरापर्यंत चालत आले. रडायला वगैरे आलं नाही. फक्त खूप दमले होते.

१३ जुलै

बाबांना सांगितलेलं नाही. मुलाखत बरी झाली, एवढंच म्हटलं. तेही खोटं नाही.

१९ जुलै, शनिवार

बाबांनी खुर्ची दारापाशी नेलीय. दिवसभर तिथेच बसतात. "आता पोस्टमन आला की मी सही करणार," म्हणतात. खिशात पेन ठेवलंय. सकाळी वहीवर सही गिरवत होते, किती वर्षांत केली नाही म्हणून. मला हे बघवत नाही, पण सांगायचंही धाडस होत नाही. शिवणवालीचं काय झालं तेही कळलेलं नाही. चौकशी संपेपर्यंत मला त्या कोर्टाचं काम देत नाहीत.

२४ जुलै, गुरुवार

आले तर बाबा दारात उभे. हातात कागद. "घेतलं बरं का मी! सही करून घेतलं!" पोस्टमन नव्हे, लंबू येऊन गेला होता. बाबांनी त्याला विचारलं, काय लिहिलंय यात? तो म्हणाला, मला माहीत नाही, वकिलाला दाखवा.

समन्स. माझ्या नावाचं. दहा तारखेला निकाल झालाच नाही. शिवणवाली हजर झाली, दावा आता तिच्यासमोर चालणार. एकतीस जुलैला त्या अहवालाबद्दल माझी साक्ष.

बाबांना बसवलं आणि पहिल्या ओळीपासून शिक्क्यापर्यंत सगळं वाचून दाखवलं. मग विद्यापीठाचंही सांगून टाकलं. बराच वेळ ते पेनाचं टोपण काढत-लावत बसले.

"म्हणजे आता तू आत उभी राहून बोलणार?"

हो म्हटलं.

"किती वाजता? मी येतो ऐकायला."