भरलेल्या परत आलेल्या दोन बाटल्या

प्रिय ताईस, धाकट्याचा नमस्कार.

मी बरा आहे. जेवण वेळेवर मिळतं, खोलीला खिडकीही आहे. बाबांचा खोकला थांबला का?

सायकल शर्यतीचे सहा टप्पे झाले. आमच्या संघातल्या आठ जणांना रोज दहापैकी गुण द्यायचं काम आता माझ्याकडे आहे. त्यांच्या पाण्याच्या बाटल्या भरणं आणि धुणंही माझ्याकडेच. प्रत्येक बाटलीवर मी नंबर चिकटवतो.

काल भर उन्हात अठरा किलोमीटरचा घाट होता. रोज मागे पडणारा आमचा पाच नंबर तिसरा आला, आणि त्याच्या दोन्ही बाटल्या भरलेल्याच परत आल्या. मी विचारलं, "तहान नाही लागली?"

"तू बाटल्या धू. पोलीसगिरी नको करूस."

बाकी सातही जणांना विचारलं. कोणी त्याला पाणी दिलेलं नाही. पाण्याशिवाय तो घाट कोणी चढत नाही, ताई. त्याला गाडीने ओढलं असेल, नाहीतर त्याने दुसरंच काही घेतलं असेल. मी मात्र डोळ्यांनी काही पाहिलेलं नाही.

संघाच्या मॅनेजरना हे सांगितलं, तर ते म्हणाले, "त्याला नऊ दे. तुझ्या जागेवर यायला बरेच जण तयार आहेत."

मी गुणांची जागा कोरी ठेवली. शेजारी लिहिलं, 'दोन्ही बाटल्या भरलेल्या परत आल्या', आणि खाली सही केली. कागद आत्ताच त्यांच्या दाराखालून सरकवला.

तू काळजी करू नकोस. घरी माझ्या खोलीत तुझं शिलाई मशीन खुशाल ठेव, फक्त माझी खाट एवढ्यात हलवू नकोस.

तुझाच,
धाकटा