भागम्माचे सांधे

४ फेब्रुवारी, ताडकळस

आज दुपारी पोचले. नांदेडहून पूर्णेपर्यंत रेल्वे, पुढे एसटी. स्टँडवर शिवकांतअप्पा स्वतः मोटारसायकल घेऊन आले होते. माझी बॅग टाकीवर ठेवली आणि वाटेत गावाची ओळख करून देत राहिले: ही आपली आडत, हे महादेवाचं देऊळ, इथं बाजार भरतो. फिजिओथेरपी शिकल्यापासून ही माझी पहिली स्वतःची केस. पेशंट एकच, राहणं-जेवण त्यांच्याच घरी, गच्चीवर हवेशीर खोली. खिडकीतून हरभऱ्याची वावरं दिसतात. आईला फोन केला, म्हटलं, धम्मशीला मॅडम झाली बघ तुझी लेक. ती हसली आणि जेवलीस का म्हणून विचारलं.

पेशंट म्हणजे शिवकांतअप्पांची आई, भागम्मा. दोनेक वर्षांपासून अंगातला एकेक सांधा आखडत गेला. आता खिडकीजवळच्या लाकडी खुर्चीत बसून असतात. जबडाही उघडत नाही, दातांच्या फटीतून नळीने पेज घेतात. डोळे तेवढे हलतात. सून अनुपमावहिनी त्यांचं सगळं रबरी हातमोजे घालून करतात. गावात एवढी स्वच्छता पाळणारं घर विरळाच. मला बरं वाटलं.

५ फेब्रुवारी

सकाळी पूर्ण तपासणी केली. वहिनी दारात उभ्या राहून बघत होत्या, म्हणून त्यांना समजावत गेले. माणसाच्या अंगात सांधे तीन तऱ्हेचे. काही हलतच नाहीत, कवटीच्या हाडांसारखे. शिवण घातल्यागत एकमेकांत बसलेले. काही थोडे हलतात, पाठीच्या मणक्यांसारखे. बाकीचे मोकळे. कोपर आणि गुडघा बिजागरीचे, दाराला असते तशी, एकाच दिशेला. खांदा उखळीचा, चहूकडे फिरतो. मान खुंटीची. हाडांच्या टोकांवर गुळगुळीत कूर्चा, भोवती पिशवी, पिशवीत वंगण, बाहेरून अस्थिबंध आवळून धरलेले. वंगण आटलं की सांधा कुरकुरतो, हाडं एकमेकांत जुळली की बंद.

भागम्मांचे सांधे मात्र जुळलेले वाटत नाहीत. हाताला आत जागा लागते. कुणी आतून धरून ठेवावं तसे ते थांबलेत. म्हणजे सुटतील. शिवकांतअप्पांना तसं सांगितलं तर त्यांचे डोळे भरून आले.

मोजे घालून काम करू का, असं मीच विचारलं. वहिनींनी अप्पांकडे बघितलं. अप्पा म्हणाले, तुमाला कसं जमंल तसं करा. मोज्यांतून सांधा कळत नाही, मी उघड्या हातांनीच करते.

११ फेब्रुवारी

डाव्या हाताची बोटं सुटली! तेल लावून एकेक पेर हलवत होते, करंगळीत टचकन आवाज झाला आणि बोट वाकलं. मग बाकीची. भागम्मांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी. दुखलं असेल, म्हणून थोडं थांबले. अप्पांनी पेढे आणले. वहिनींनी माझी बशी टेबलाच्या पार टोकाला ठेवली आणि स्वतः मागे सरकल्या. लाजाळू आहेत.

१३ फेब्रुवारी

उठले तर माझ्या डाव्या हाताची बोटं जड. कामाचा ताण. गरम पाण्यात बुडवून ठेवली. भागम्मांचं डावं कोपर आणि खांदा सोडवला. त्या आता हात उचलून माझ्याकडे करतात, तळवा पुढे, ढकलल्यासारखा. हालचाल परत आली की माणूस असा हात हलवून बघतोच.

१७ फेब्रुवारी

डावी बोटं वाकत नाहीत. कोपर अर्ध्यात थांबतं. परभणीला जाऊन डॉक्टरांना दाखवलं. एक्स-रे काढला, रक्त तपासलं. काही नाही. सांध्यात जागा मोकळी, कूर्चा शाबूत, सूज नाही. तुम्हीच फिजिओ आहात, तुम्हाला काय वाटतं, असं त्यांनी हसत विचारलं. मीही हसले. परत येताना एसटीत दांडी धरायला हात वर केला तो खाली येईना. शेजारच्या बाईने मदतीला हात पुढे केला. का कोण जाणे, मी अंग चोरलं.

भागम्मा आज उभ्या राहिल्या. गुडघे मी काल सोडवले होते.

२० फेब्रुवारी

बाबा गेले त्याला बराच काळ झाला, पण त्यांचं वाक्य घरात अजून आहे: करणी, भानामती असलं काही नसतं, कारण शोधायचं. म्हणून कारण शोधतेय. जे सांधे मी त्यांच्यात सोडवले तेच माझ्यात धरले. आधी बोटं, मग कोपर; गुडघेही आता कुरकुरतात. संसर्ग म्हणावा तर ताप नाही, सूज नाही. योगायोग म्हणावा तर

मान सोडवायला नको होती. काल सोडवली. आज भागम्मा मान वळवून माझ्याकडे बघतात. मला त्यांच्याकडे वळता येत नाही.

२१ फेब्रुवारी

नांदेडला निघायचं ठरवलं. बॅग भरली, एका हाताने. खाटेवरून उठून जिन्यापर्यंत आले आणि गुडघे धरले. बिजागरीला गंज चढावा तसे. जिन्यावरच बसून राहिले. अप्पांनी दोन गडी आणून मला खाली नेलं. गड्यांनी हाताला पोती गुंडाळली होती. मोजे. पोती. या घरात कुणालाच मला हात लावायचा नाही.

मला भागम्मांच्या खुर्चीत बसवलं. भागम्मा आता पलंगावर असतात.

२२ फेब्रुवारी

यांना माहीत होतं. पहिल्या दिवसापासून. पण काय माहीत होतं ते कोण सांगणार? वहिनी दारातून ताट सरकवतात आणि जातात. अप्पा खोलीत येत नाहीत. भागम्मांना सांगायचंय, ते त्यांच्या डोळ्यांत दिसतं. पण जबडा बंद.

जबडा सोडवला तर त्या बोलतील. आणि माझा

तरी विचारलंच पाहिजे. मी त्यांच्या जबड्याकडे खूण केली. त्यांनी मान जोरजोरात हलवली, नको. मी पुन्हा खूण केली. त्या पलंगावरून उतरल्या, चालत आल्या, खाली बसल्या. उजवा हात अजून माझा आहे. कानापुढची खोबण सापडली. दाबून धरली.

उघडला.

आधी नुसताच वारा आल्यासारखा आवाज आला. मग म्हणाल्या, “पोरी, डोळ्यानं सांगायलते गं तुला. हातानं ढकलायलते. हात लावू नको म्हणून.”

त्या रडत सांगत गेल्या. बोरीला त्यांची बहीण अशीच खुर्चीत बसली होती. भागम्मा भेटायला गेल्या, जीव तुटला, तेल घेऊन बहिणीचे हातपाय चोळले. बहीण उठली. भागम्मा बसल्या. बहिणीला ते कुठून आलं, ते तिनेही कधी सांगितलं नाही. मायेने हात लावणाऱ्याच्याच अंगात ते जातं. घरच्यांना हे कळलं तेव्हापासून मोजे. आणि मग अप्पांनी बाहेरचं माणूस बघितलं, ज्याचं कामच हात लावायचं आहे.

मी विचारलं, परत देता येतं का तुम्हाला? त्या म्हणाल्या, एकदा ज्याच्यातून गेलं त्याला ते पुन्हा धरत नाही. आणि एकदा धरलं की सगळे सांधे नेतं. मी आता पुढचे सांधे सोडवले न सोडवले तरी.

त्या माझ्या पायाशी बसून राहिल्या. मघाशी माझा फोन अप्पांनी नेला. बिघडलाय, म्हणाले, परभणीला दुरुस्तीला देतो.

२४ फेब्रुवारी

जबडा गेला. पेज. नळी.

सकाळी भागम्मांना गाडीत बसवून बोरीला पाठवलं. त्या जात नव्हत्या. दारात ओरडल्या, “शिवकांत, त्या लेकराच्या मायला तरी बलवू नको रे!”

माझ्या आईला?

२६ फेब्रुवारी

अप्पा दारात उभे राहून बोलले. माझ्याकडे न बघता. आईला फोन केलाय. मुलगी लय आजारी हाय, हातपाय चोळायला घरचं माणूस पाहिजे, असं सांगितलंय. आमी तरी किती दिवस करायचं, म्हणाले. जाताना चप्पल दारात अडकली, तरी मागे वळले नाहीत.

आई येणार. ती आधी हात लावेल. दारातूनच लावेल. लहानपणी माझा पाय मुरगळला की रात्र रात्र चोळत बसायची.

२७ फेब्रुवारी

एक विचार आला. तिने चोळलं तर मी सुटेन. उठेन, चालेन, तिला घेऊन घरी जाईन, तिची सेवा करीन, मोजे घालून

नाही. नाही.

२८ फेब्रुवारी

मनगट सरकता सांधा, छोटी हाडं एकमेकांवर घसरतात — आता घासतात. अंगठा अजून चालतो. अंगठ्यावरच पेन आहे. बरगड्या उचलत नाहीत, श्वास पोटाने. सगळं अंग कवटीसारखं होत चाललंय — शिवलेलं —

वही मांडीवर उघडी ठेवीन. ती येईल तेव्हा हेच पान समोर असेल. मोठ्या अक्षरांत —

आई हात लावू नको

१ मार्च

पंख्याने पान उलटलं. कालचं पान मागे गेलं. मनगट वळत नाही, मागे घेता येत नाही. समोर कोरं. तेच पुन्हा लिहायचं —

बाहेर रिक्षा. तिचा आवाज. कुठंय माझं लेकरू —

वहिनी तिला सांगतेय, तेल कोमट करून ठेवलंय —

आली. वाटी हातात. रडतेय. मला बघतेय, वही बघतेय, काय लिहितेस बाळा म्हणते — थांबलीय — वाचायला थांबलीय — लवकर —

अंगठा —

आई मला हात लाव